ताणातल्या झाडाला पाणी

पाखराकडे सरळ पाहायचं नाही, हा आईचा नियम होता. आपण घरट्याकडे टक लावून पाहिलं की कावळा आपल्याकडे पाहतो, आणि आपली पाठ वळली की आपल्या नजरेच्या वाटेनं घरट्यापर्यंत जातो, असं ती सांगायची. म्हणून ती मागच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बसायची. हात तांदळातले खडे वेचत असायचे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बगीच्यावर लक्ष असायचं. आमच्या तांदळात इतके खडे कधीच नव्हते. सकाळी निवडलेले तांदूळच ती दुपारी पुन्हा निवडायला घ्यायची.

घर सौंसरला, म्हणजे नागपूरच्या वर, मध्य प्रदेशातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मागे विहीर, एक लिंबू, कुंपणाशी मुनगा, म्हणजे पुण्यामुंबईकडचा शेवगा, आणि बाबांची सात संत्र्याची झाडं. ऐंशीनंतरची ती वर्षं. बाबा तहसिलीतून बाबू म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. मी गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि तो गल्लीचा आवडता विषय होता. मला लोकांचा राग चटकन येतो, तेव्हाही यायचा.

शाळेतून आले की चहाबरोबर आईच्या बातम्या असायच्या. लिंबावर शिंपी पाखरानं दोन पानं टाचून घेतली. दयाळानं विहिरीच्या काठावर आंघोळ केली, मग तासभर पिसं नीट करत बसला, नवरदेव मेला. "अन् आज सातभाई आले होते, पण भांडून राहिले होते," ती म्हणायची. "एकाले बाकीच्याईनं मधात बसूच नाई देल्लं. शेवटी एक म्हातारं सरकलं अन् त्याले जागा देल्ली." सातभाई म्हणजे ती मातकट रंगाची, टोळीनं फिरणारी, सतत कचकच करणारी पाखरं. त्यांतलं म्हातारं कोणतं हे तिला कसं कळायचं ते देवाला ठाऊक, पण तिला कळायचं. कुकुडकोंब्याशी मात्र तिचं उभं वैर होतं. पुस्तकात त्याला भारद्वाज म्हणतात, लोक त्याचं दर्शन शुभ मानतात. आई त्याला ढेकूळ फेकून मारायची, कारण तो पिल्लं खातो. रेडिओवरची बातमी एखादवेळी चुकेल, हिची चुकणार नाही, असं बाबा म्हणायचे, आणि ते कौतुक होतं.

बाबांचा अभिमान वेगळा, संत्र्यांचा. आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. मृगाचा बहार घ्यायचा तर वैशाखात झाडाचं पाणी पूर्ण तोडायचं. पानं सुकतात, गुंडाळतात, अर्धीअधिक गळून पडतात. परक्या माणसाला वाटावं की या घरात कोणी झाडाकडे पाहत नाही. मग जूनचं पाणी पडलं की झाड फुलांनी भरून जातं. पण मध्येच कोणी पाणी दिलं, तर झाड नुसती पालवी फोडतं आणि बहार जातो. ताण किती द्यायचा, कुठं थांबायचं, हे बाबांना पान हातात घेऊन कळायचं. रामाकोन्याचे मोठे बगीचेवालेही विचारायला यायचे. आपल्या सात झाडांचा पहिला तोडा बाबा टोपल्यांत भरून गल्लीतल्या प्रत्येक घरी पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम प्रत्येकाच्या दारावरून फिरायला जायचे.

मी लहान असताना एकदा ताणातल्या झाडाची दया येऊन त्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं होतं. आईनं पाठीत धपाटा घातला आणि मग जवळ घेऊन सांगितलं, "त्याले तहान लागू दे, बाई. तहानलं का मंगच फुलते ते." संत्र्याचं पहिलं शिक्षण मला बाबांनी नाही, तिनं दिलं.

त्या ताणात बुलबुलांचे हाल व्हायचे. बुलबुल वैशाखात हटकून संत्र्यावर घरटं करणार, आणि पिल्लं निघेपर्यंत वरची पानं गळून घरटं उन्हात उघडं पडणार. आईचा त्याच्यावर उपाय होता. बारदान्याचा, म्हणजे गोणपाटाचा, एक तुकडा घेऊन ती घरट्याच्या वरच्या फांदीला बांधायची. तेही रोज थोडा थोडा सरकवत, म्हणजे पाखरू बिचकत नाही. झाडाचा ताण मोडायचा नाही आणि पिल्लंही भाजायची नाहीत. दरवर्षी आमच्या बगीच्यात असं एखादं ठिगळ लोंबत असायचं.

तर अशी आई. एका पौषात, शाळेतून आले, तेव्हा तिनं चहा ठेवता ठेवता सांगितलं, "बुलबुलाचे पिल्लं उडाले आज. दोन्हीबी."

पौषात बुलबुल पिल्लं काढत नाही. हेही तिनंच मला शिकवलं होतं. मी कप तसाच ठेवून मागे गेले. घरटं उन्हाळ्यातलं होतं, एका बाजूनं उसवलेलं, आत वाळकी पानं साचलेली. मला वाटलं, माझी गंमत करते आहे. परत येऊन हसले, तर तिला हसण्याचं कारण कळलं नाही.

मग एक दिवस तिनं सांगितलं की सातभाई आलेच नाहीत. ती हे सांगत होती तेव्हा ते ओट्यासमोरच पाचोळा उलथवत होते, आणि कलकलाट इतका की मला तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. तिथून पुढे मी आईकडे पाहू लागले, आणि तेही तिच्याच पद्धतीनं, सरळ नाही. वह्या तपासायला घेऊन मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची, हातात लाल पेन्सिल, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून आई. ती आता निवडलेल्या तांदळातले खडे पुन्हा तांदळात टाकत होती.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांनी तिला एस. टी.नं नागपूरला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर ठीक आहे. तरी बाबांनी नवा चष्मा करून आणलाच, आधीच्यापेक्षा चांगल्या फ्रेमचा. तो आई सुपात ठेवायची आणि मग घरभर शोधायची.

होळीच्या सुमारास ती शेजारच्या घरात जाऊन त्यांच्या चुलीपुढे बसली आणि पीठ मळायला लागली. शेजारीण चांगली बाई, पण तिचं तोंड म्हणजे उघडा नळ. तिनं आईला हात धरून घरी आणून सोडलं आणि बाबांना म्हणाली, "भाऊ, राग नोका मानू. जामसांवलीले नेऊन आणा एकदा. तिथी लय जनाईले आराम पडला. अन् घरात लग्नाची पोरगी आहे, बाहेर समजाच्या आधीच नेलेलं बरं."

जामसांवलीच्या मारुतीला आम्हीही शनिवारी कधीमधी जायचो. पण वेड उतरवायला तिथं जायचं म्हणजे काय, ते बाबांना पक्कं माहीत होतं. ज्याला घरची माणसं दोन्ही बाजूंनी धरून नेतात, त्याच्याकडे बाकीची रांग कशी पाहते हे आम्ही रांगेत उभं राहून पाहिलेलं होतं. आणि गल्लीच्या टोकाला पूर्वी एक बाई राहायची. तिला एकदा पागल म्हटलं गेलं, आणि त्यानंतर तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तिच्या दारचं पाणी कोणी प्यायलं नाही, तिचं खरं नाव काय होतं तेही लोक विसरले. बाबांना आईच्या आजाराची भीती होतीच, पण या नावाची जास्त होती. ते एकदा पडलं की निघत नाही.

"तिले काही झालं नाई," बाबा शेजारणीला म्हणाले. "घराईले दरवाजेच सारखे आहेत." आणि त्यांनी फाटकाला आतून कडी घातली. तेव्हापासून ती कडी दिवसाही असायची.

वैशाख आला. बाबांनी झाडांचं पाणी तोडलं. त्या वर्षी बुलबुलानं तिसऱ्या झाडावर घरटं केलं, हाताला येईल एवढ्या उंचीवर. मला सुट्टी होती. पिल्लं निघाली तेव्हा आईनंच दाखवलं, आणि खरंच निघाली होती. मला इतका आनंद झाला की मी दिवसभर गुणगुणत होते. वाटलं, चुकलं होतं ते आपलंच. ती पूर्वीसारखी सूप घेऊन बसायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायची. पण दिवस तापत गेले, पानं गुंडाळत गेली, आणि ती बारदाना काही बांधेना. मी एकदा म्हटलं, "आई, ठिगळ?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. नुसती चुळबुळ करायची. पिल्लं चोची वासून बसलेली दिसायची, आणि ओट्याच्या सावलीत सातभाईही तशाच उघड्या चोचींनी धापा टाकत असायचे. "तहानले," ती पुटपुटायची. "सारेच तहानले."

एका दुपारी बाबा आतल्या खोलीत झोपले होते. माझाही डोळा लागला होता. जागी झाले ती विहिरीच्या गडगडीच्या आवाजानं. कर्र कर्र, मग पाणी ओतल्याचा आवाज, मग पुन्हा कर्र कर्र. कोण एवढं पाणी काढतंय म्हणून मागे गेले.

सातही झाडांची आळी काठोकाठ भरली होती. आई शेवटच्या झाडाशी होती, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, केस सुटलेले, हातात बादली. आणि बगीच्यात पाखरंच पाखरं. सातभाई चिखलात लोळत होते, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते. साळुंक्या, होले, चिमण्या, एरवी एकट्यानं फिरणारा दयाळ, सगळे त्या आळ्यांच्या काठांवर उतरले होते. आई त्यांच्याकडे सरळ पाहत होती. अगदी टक लावून, तोंडभर हसत. तिचा तो चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही. आणि मला रडूच आलं, कारण ताण म्हणजे काय हे मला ज्या बाईनं शिकवलं होतं तिला तो आता आठवत नव्हता. घरात बाकी काहीही विसरलं जाईल, पण सौंसरच्या माणसाला ताण कसा विसरतो?

बाबा माझ्या मागून येऊन उभे राहिले. आणि ओरडले. त्यांचा असा आवाज मी कचेरीतल्या कोणा शिपायावरही चढलेला ऐकला नव्हता. "पुरा बहार गेला! काय केलं हे? डोकं ठिकाणावर आहे का तुह्यं?"

पाखरं भुर्रकन उडाली. आई बादली खाली ठेवून बाबांकडे पाहत राहिली. भ्यायली नव्हती, उलट तीच चिडली होती. "पिल्लं उघडे पडून राहिले उन्हात," ती म्हणाली. "झाडाले पाला नाई राह्यला. कोन्या मेल्यानं पाणी तोडलं या झाडाईचं?"

बाबा विहिरीच्या काठावर बसले. काही वेळ त्यांनी पुढच्या झाडाचं एक पान तोडून हातात धरलं, नेहमी ताण पाहायला धरायचे तसं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बारदाना आण."

मी आणला. त्यांनी स्वतः तो तिसऱ्या झाडावर बांधला. त्यांना आईसारखं थोडं थोडं सरकवत बांधता येत नव्हतं. एकदम बांधला, आणि बुलबुलाची जोडी मुनग्यावर बसून ओरडत राहिली.

तेवढ्यात ओरडणं ऐकून शेजारीण कुंपणाशी आली होती. भरलेली आळी पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. "भाऊ, ताणात पाणी? कोणं देल्लं?"

आई तिथंच उभी होती, हात कोपरापर्यंत ओले.

"मी देल्लं," बाबा म्हणाले. "मन झालं."

"तुमी?"

"हो. झाडाईचे हाल पाह्यल्या नाई जात आता."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीत झाली आणि दोन दिवसांत बाजारात. तहसिलीतला बाबू, ज्याला विचारून लोक ताण द्यायचे, त्यानं भर वैशाखात स्वतःच्या झाडांना पाणी पाजलं. लोक हसले. का हसणार नाहीत, मीही दुसऱ्या कोणाचं ऐकलं असतं तर हसले असते. मी बाबांशी भांडले. म्हटलं, खरं सांगा, नागपूरला डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, हे झाकून काय होणार आहे. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "डॉक्टरले दाखवू. पण गल्लीले कायले दाखवाचं? माह्यावर हासतीन अन् घरी जातीन. तिच्यावर कोणी हासणार नाई, बाई. तिच्या हातचं खाणं बंद करतीन." त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. बारदाना तसाच लोंबत होता, आणि कुकुडकोंबा मुनग्याखालून सावकाश चालत गेला, लाल डोळ्यांचा, कोणाची भीती नसलेला. पिल्लांना अजून धड पिसं फुटली नव्हती. आई ओट्यावर येऊन बसली, सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "उडाले वाटते दोन्ही."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "आत्ताच उडाले. मी पाह्यलं."

जिनं आयुष्यात कधी खोटी बातमी आणली नव्हती तिला आता आम्ही खोट्या बातम्या देऊ लागलो. ते फार सोपं निघालं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्या पावसाळ्यात झाडांना नुसती पालवी आली. डॉक्टरांना दाखवलं. ते चांगल्या हिंदीत बोलले आणि त्याचा अर्थ असा होता की याला औषध नाही. पुढच्या वैशाखात मला वाटलं, बाबा फाटकासारखीच विहिरीलाही कडी घालतील. त्यांनी ताण द्यायचाच सोडला. ऊन उतरलं की आई बादली घेऊन निघायची, आणि बाबा तिच्यामागे दोर घेऊन. ते पाणी ओढायचे, ती ओतायची. एकाच झाडाला ती पुन्हा पुन्हा ओतायची, तर बाबा बादली हळूच दुसऱ्याकडे वळवायचे. सारं सौंसर वाळून गेलेलं असताना आमचा तेवढा तुकडा हिरवागार असायचा, आणि आसपासची सगळी पाखरं आमच्याकडे मुक्कामाला. बुलबुलाची त्या वर्षी दोन घरटी झाली आणि बारदान्याची गरज पडली नाही. संत्री मात्र कधीही, कशीही लागायची, इथं चार, तिथं दोन, जाड सालीची, आंबट. टोपल्या पाठवणं बंद झालं. बाबांचं दारादारावरून फिरणंही बंद झालं. विचारायला येणारी माणसं येईनाशी झाली, आणि बाबा संध्याकाळी ओट्यावर नुसते बसून राहायचे, ते मला बघवत नव्हतं.

एका माघात रामाकोन्याचे एक जुने बगीचेवाले आमच्याकडे आले. बाबांचे वीसेक वर्षांचे ओळखीचे, मागच्या गोष्टी त्यांच्या कानावर गेल्या नसाव्यात किंवा त्यांचा विश्वास बसला नसावा. मागच्या ओट्यावर बसले. आई तिच्या जागी होती, मांडीवर रिकामं सूप. शेजारीणही मुनग्याच्या शेंगा मागायला आलेली. पाहुण्यांनी झाडांकडे पाहिलं, उठून एक फांदी वाकवून पाहिली, आणि परत येऊन हलक्या आवाजात विचारलं, "बाबूसाहेब, या दिवसात तुमचे झाडं लदलेले राहात जाय. काय झालं हे?"

"वैशाखात पाणी देतो मी," बाबा म्हणाले. दोन वर्षं सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

"ताणात?"

"ताणात."

पाहुण्यांनी नजर चुकवली. शेजारणीनं पदर तोंडाला लावला. आणि आईनं मान वर केली. कोपऱ्यातून नाही, सरळ, आधी झाडांकडे आणि मग बाबांकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तिचे डोळे जागेवर होते.

"ताणातल्या झाडाले कोणी पाणी देते का?" ती म्हणाली. आवाज जुना, खणखणीत. "एवढे वर्ष झाले, इतकंबी समजलं नाई यायले. झाडाले तहान लागू द्या लागते, मंगच फुलते ते. सारा बगीचा खराब केला. डोकं फिरलं यायचं." मग ती शेजारणीकडे वळली. "जामसांवलीले नेऊन आणा लागते यायले एकदा."

शेजारीण फस्सकन हसली. पाहुणेही हसले, संकोच सुटल्यासारखे. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि पुसतच राहिले.

"चुकलं माह्यं," ते आईला म्हणाले. "जाऊ जामसांवलीले. तू चालतं ना संगं?"

"चालतो ना," ती म्हणाली. "तुमाले एकट्याले कसं धाडू?"

मी चहा ठेवायला आत गेले. चहा उकळून गेला तरी मला बाहेर येता येईना. बाहेर आले तेव्हा पाहुणे निघाले होते, आणि आई बाबांना विचारत होती की हे कोण आले होते. बाबांनी सांगितलं. तिनं बरं म्हटलं. मग तिनं बादली उचलली आणि विहिरीकडे निघाली, आणि बाबा दोर घेऊन तिच्यामागे गेले.